हाकेला ओ देणारे विमान

ज्वारी हुरड्यावर आली की राखणीचे दिवस सुरू होतात. माळ्यावर बसलेल्या राखणदाराला रात्री धाटांची सळसळ ऐकू येते. ती कुठल्या अंगाने आली, किती लांबून आली, जवळ येते आहे की दूर जाते आहे, एवढे त्याला नुसत्या कानाने समजते. पण ते रानडुक्कर आहे, शेजाऱ्याचे सुटलेले जनावर आहे, की घराकडून भाकरी घेऊन आलेला आपलाच माणूस आहे, हे सळसळीवरून कळत नाही. म्हणून शहाणा राखणदार गोफण फिरवण्याआधी हाक देतो, "कोण हाय रं तिकडं?" आणि "म्या हाय, तात्या!" अशी ओ आली, की गोफण खाली ठेवतो.

वाचकहो, आकाशाची आणि समुद्राची राखण करणाऱ्यांपुढेही नेमका हाच प्रश्न असतो. रडार हा त्यांचा कान. पण कानाने ओळख पटत नाही. त्यासाठी बिनतारी संदेशाची हाक द्यावी लागते आणि समोरून ओ यावी लागते. या दोन्हींची जोड कशी घातली गेली, ती नसताना काय अनर्थ झाले, आणि ती असूनही माणूस कुठे चुकला, हे आपण या लेखात पाहू. विषय वरवर लष्करी वाटेल. पण हवाई दलात मुलगा असलेल्या आईपासून फवारणीचा ड्रोन चालवणाऱ्या ताईपर्यंत अनेकांचा त्याच्याशी संबंध आहे.

रडार काय पाहते?

विहिरीच्या काठावर उभे राहून आरोळी दिली की ती आतून परत येते. रडारचे काम तसेच आहे. फरक इतकाच, की येथे आवाजाऐवजी रेडिओलहरी असतात. रडारचा अँटेना रेडिओलहरींचा एक अगदी छोटा झोत सोडतो. वाटेत विमान असेल तर त्यावर आपटून त्या लहरींचा थोडासा भाग परत येतो.

रेडिओलहरी एका सेकंदात सुमारे ३ लाख किलोमीटर धावतात. विमान १५० किलोमीटर दूर असेल, तर लहरीला जाऊन येऊन ३०० किलोमीटर पडतात, आणि त्याला सेकंदाचा एक हजारावा भाग लागतो. तेवढा वेळ यंत्राने मोजला की अंतर कळले. अँटेना कोणत्या दिशेला वळलेला होता, त्यावरून दिशा कळली. पडद्यावर एक ठिपका उमटला.

इंग्लंडमध्ये २६ फेब्रुवारी १९३५ रोजी रॉबर्ट वॉटसन-वॉट आणि अर्नॉल्ड विल्किन्स यांनी हे प्रथम करून दाखवले. डेव्हेंट्री येथे बीबीसीचे रेडिओ केंद्र होते. त्याच्या लहरी हेफर्ड जातीच्या एका बाँबफेकी विमानावरून परत येतात, हे त्यांनी यंत्रावर दाखवले. पुढे चार-पाच वर्षांतच इंग्लंडच्या किनाऱ्यावर रडार केंद्रांची साखळी उभी राहिली.

रडारमुळे रात्र, धुके आणि ढग यांचा अडसर दूर झाला. पण एक उणीव राहिली. ठिपक्याला नाव नसते. शत्रूचे विमान आणि आपले विमान यांचा ठिपका सारखाच. दोन्ही धातूची, आणि धातूवरून लहर परत येणारच.

नाव नसलेल्या ठिपक्याची किंमत

ही उणीव किती महाग पडते, ते ब्रिटन दुसऱ्या महायुद्धात उतरल्यावर तिसऱ्याच दिवशी कळले. ६ सप्टेंबर १९३९ च्या सकाळी इंग्लंडच्या पूर्व भागात शत्रूची विमाने येत असल्याची वर्दी गेली. विमानामागून विमाने वर धाडली गेली. जी वर चढली, तीही पडद्यावर अनोळखी ठिपके होऊन दिसू लागली. शत्रू आलाच नव्हता. पण ब्रिटिशांच्या स्पिटफायर विमानांनी ब्रिटिशांचीच दोन हरिकेन विमाने पाडली. एक तरुण वैमानिक त्यात गेला. त्या युद्धात मरण पावलेला तो ब्रिटनचा पहिला लढाऊ वैमानिक, आणि तो आपल्याच माणसांच्या गोळीने पडला.

दोन वर्षांनी पॅसिफिक महासागरात याच्या उलटे घडले. ७ डिसेंबर १९४१ ची सकाळ. हवाई बेटांपैकी ओआहू बेटाच्या उत्तर टोकावर, ओपाना येथे, अमेरिकी लष्कराचे एक फिरते रडार होते. सकाळी ७ वाजून २ मिनिटांनी तेथल्या दोन जवानांना पडद्यावर मोठा थोरला ठसा दिसला. अंतर २०० किलोमीटरहून जास्त. त्यांनी तातडीने माहिती केंद्राला फोन केला. तेथे बसलेल्या अधिकाऱ्याला ठाऊक होते, की कॅलिफोर्नियाहून आपली बाँबफेकी विमाने आज येणार आहेत. ती असतील असे समजून त्याने काळजी करू नका म्हणून सांगितले. ती जपानी विमाने होती. आठ वाजायच्या आतच पर्ल हार्बरवर बाँब पडू लागले. त्या दिवशी २,४०३ अमेरिकी माणसे मेली.

पाहा, दोन्ही ठिकाणी रडारवर काही ना काही दिसलेच होते. एके ठिकाणी आपल्याला परके मानले, दुसऱ्या ठिकाणी परक्याला आपले मानले. दोन्हीकडे उणीव एकच, ठिपक्याला "तू कोण?" असे विचारून खात्री करता आली नाही.

बिनतारी हाक, बिनतारी ओ

यावर शास्त्रज्ञांनी तोड काढली. विमानातच एक लहान बिनतारी पेटी बसवायची. रडारची लहर तिच्यावर पडली की पेटीने ती ओळखायची आणि लगेच स्वतःहून जोरकस लहर परत पाठवायची. वैमानिकाने काही बोलायचे नाही, बटण दाबायचे नाही. हाक आली की पेटी आपोआप ओ देणार. इंग्रजीत या व्यवस्थेला मित्र की शत्रू अशा अर्थाचे लांब नाव आहे. त्यातल्या आद्याक्षरांवरून सगळे जण तिला आयएफएफ म्हणतात. आत बसवलेल्या पेटीला ट्रान्सपाँडर म्हणतात. आपण तिला उत्तरपेटी म्हणू.

सुरुवातीच्या पेट्या रडारच्याच लहरीला उत्तर देत. पडद्यावरचा आपला ठिपका ठरावीक तालात मोठा-लहान होई, आणि पाहणारा ओळखे, की हे आपले. पण रडारचे प्रकार वाढले, प्रत्येकाची लहर वेगळी झाली, आणि एकाच पेटीने सगळ्यांना उत्तर देणे अवघड होऊ लागले. मग ब्रिटिश शास्त्रज्ञांनी फार महत्त्वाचा बदल केला. रडारचे पाहणे आणि बिनतारीचे विचारणे ही दोन कामे वेगळी केली. रडारने आपल्या लहरीवर पाहावे, शेजारच्या दुसऱ्या यंत्राने वेगळ्या लहरीवर विचारावे, आणि दोन्हींची उत्तरे एकाच पडद्यावर जुळवून पाहावीत. ही युद्धकाळातली तिसरी आवृत्ती मित्रराष्ट्रांनी सर्रास वापरली. आजची सारी व्यवस्था याच पायावर उभी आहे.

पण प्रत्येक सोयीला एक काटा असतो. ओ देणारा आपले ठिकाणही सांगून बसतो. जर्मन विमानांतही अशाच उत्तरपेट्या होत्या. ब्रिटिशांनी 'परफेक्टोज' नावाचे यंत्र बनवले. ते जर्मन पेटीला तिच्याच भाषेत खोटी हाक देई. भोळी पेटी उत्तर देई, आणि अंधारात लपलेल्या जर्मन विमानाची जागा ब्रिटिश वैमानिकाला कळे. आपल्या लोकांना ओळख पटावी म्हणून बसवलेली वस्तू मरणाची वाट दाखवू लागली.

म्हणून लष्करी हाकेला पुढे गुप्त किल्ली आली. नुसते "कोण?" विचारून चालत नाही. प्रश्न सांकेतिक भाषेत येतो, आणि ज्याच्याकडे त्या वेळेची किल्ली असेल त्याचीच पेटी बरोबर उत्तर देते. या किल्ल्या वरचेवर बदलतात. येथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवण्यासारखी आहे. बरोबर उत्तर आले तर समोरचा आपला, हे खात्रीने सांगता येते. पण उत्तर आले नाही, तर तो शत्रूच, असे मात्र म्हणता येत नाही. पेटी बिघडली असेल, बंद असेल, किल्ली जुनी असेल, किंवा तो तिसराच कोणी निरपराध असेल.

प्रवासी विमानांचा चार आकडी पत्ता

युद्ध संपल्यावर ही विद्या प्रवासी विमानांच्या कामी आली. विमानतळावर फिरणारा मोठा अँटेना आपण चित्रात पाहतो. पुष्कळदा त्यावर दुसरा, आडवा आणि चपटा अँटेना बसवलेला असतो. खालचा प्रतिध्वनी ऐकतो, त्याला प्राथमिक रडार म्हणतात. वरचा हाक देतो आणि ओ ऐकतो, त्याला दुय्यम रडार म्हणतात. नाव दुय्यम असले तरी आज विमानांची गर्दी सांभाळण्याचे मुख्य काम तेच करते.

त्याची प्रश्न विचारण्याची रीत मोठी मजेची आहे. जमिनीवरून १०३० मेगाहर्ट्झच्या लहरीवर दोन टिचक्या पाठवल्या जातात. दोहोंमध्ये सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या ८ पट अंतर असेल, तर अर्थ "तू कोण?" तेच अंतर २१ पट असेल, तर अर्थ "तू किती उंचीवर?" विमानातली पेटी १०९० मेगाहर्ट्झवर टिचक्यांची एक माळ परत पाठवते. त्या माळेत चार आकडी क्रमांक किंवा उंची गुंफलेली असते.

या क्रमांकात ० ते ७ एवढेच आकडे असतात, त्यामुळे एकूण ४,०९६ क्रमांक होतात. नियंत्रक प्रत्येक विमानाला एक क्रमांक देतो आणि पडद्यावर ठिपक्याशेजारी त्याचे नाव व उंची उमटते. काही क्रमांक संकटासाठी राखून ठेवले आहेत. ७७०० म्हणजे संकट, ७६०० म्हणजे बोलण्याचा रेडिओ बंद पडला, ७५०० म्हणजे विमानाचे अपहरण झाले. तोंडाने एक शब्द न उच्चारता वैमानिक हे सांगू शकतो.

गर्दी वाढल्यावर नवी अडचण आली. दोन विमाने जवळ असली की दोघेही एकदम ओ देत आणि उत्तरे एकमेकांत मिसळत. म्हणून पुढे प्रत्येक विमानाला कायमचा स्वतंत्र पत्ता देण्याची पद्धत निघाली. असे सुमारे १ कोटी ६७ लाख पत्ते होऊ शकतात. आता नियंत्रक नाव घेऊन एकेकाला हाक देऊ शकतो.

चरखी दादरीची संध्याकाळ

ही जोड नसल्याने काय होते, याचा भयंकर दाखला आपल्याच देशातला आहे. १२ नोव्हेंबर १९९६ च्या संध्याकाळी सौदी अरेबियाचे बोइंग ७४७ विमान ३१२ माणसे घेऊन दिल्लीहून निघाले. त्याच हवाई वाटेने कझाकस्तानचे विमान ३७ माणसे घेऊन दिल्लीत उतरायला येत होते. सौदी विमानाला १४ हजार फुटांवर थांबायला सांगितले होते, कझाक विमानाला १५ हजार फुटांवर. मध्ये एक हजार फुटांचे अंतर ठेवले होते.

नियंत्रकाने दोघांना सूचना दिल्या होत्या. कझाक विमानाला समोरून बोइंग येत असल्याचेही सांगितले होते. पण त्या वेळी दिल्लीला या कामासाठी जे रडार होते, ते प्राथमिक होते. पडद्यावर दोन ठिपके एकमेकांकडे सरकताना दिसत होते. ते एकमेकांच्या वरून-खालून जाणार की समोरासमोर येणार, हे पडद्यावर दिसत नव्हते. उंची तोंडी कळे तेवढीच. कझाक विमान ठरलेल्या उंचीच्या खाली आले. हरियाणात चरखी दादरीजवळ दोन्ही विमाने एकमेकांवर आदळली. अवशेष आजूबाजूच्या गावांच्या शेतांत विखुरले. ३४९ माणसांपैकी एकही वाचले नाही.

न्यायमूर्ती रमेशचंद्र लाहोटी यांच्या समितीने चौकशी केली. कझाक विमान नेमून दिलेल्या उंचीच्या खाली उतरले, हे अपघाताचे मूळ कारण ठरले. पण त्या दुर्घटनेने व्यवस्थेतली उणीवही उघडी पाडली. त्यानंतर येणाऱ्या आणि जाणाऱ्या विमानांच्या वाटा वेगळ्या झाल्या, उंची दाखवणारे दुय्यम रडार आले, आणि प्रवासी विमानांत टक्कर टाळणारे यंत्र सक्तीचे झाले.

हे टक्कर टाळणारे यंत्र म्हणजे रडार आणि बिनतारी यांचा सुरेख संसार आहे. विमान स्वतःच आजूबाजूला हाका देत जाते. दुसऱ्या विमानाची ओ किती वेळाने आली त्यावरून अंतर काढते. ओ मध्येच उंची सांगितलेली असते. दोघे फार जवळ येऊ लागले, तर दोन्ही विमानांतली यंत्रे आपसांत ठरवतात आणि एका वैमानिकाला "चढा", दुसऱ्याला "उतरा" असे सांगतात. जमिनीवरच्या माणसाची वाट पाहावी लागत नाही.

ओ आली, तरी माणूस चुकला

यंत्र आले म्हणजे संकट टळले, असे मात्र नाही. ३ जुलै १९८८ रोजी इराणचे प्रवासी विमान बंदर अब्बासहून दुबईला निघाले होते. खाली इराणच्या आखातात व्हिन्सेन्स नावाची अमेरिकी युद्धनौका होती. तिच्यावर त्या काळातली अत्यंत आधुनिक रडार यंत्रणा होती. प्रवासी विमानाची उत्तरपेटी चालू होती आणि नागरी क्रमांक सांगत होती. पण नौकेवरच्या माणसांनी दुसरीकडून आलेले लष्करी उत्तर या विमानाचेच मानले. विमान वर चढत होते, तरी ते आपल्याकडे खाली झेपावते आहे, असा त्यांचा समज झाला. बोलण्याच्या रेडिओवरही त्यांनी इशारे दिले, परंतु बहुतेक इशारे लष्करी लहरीवर होते आणि ते प्रवासी विमानाला ऐकू येण्यासारखे नव्हते. क्षेपणास्त्र सुटले. २९० जीव गेले. त्यांत १० भारतीय होते.

दुसरा दाखला आपल्या काळजाला अधिक लागणारा आहे. २७ फेब्रुवारी २०१९ रोजी सकाळी काश्मीरच्या सीमेवर पाकिस्तानी विमाने चाल करून आली होती. श्रीनगरला सगळे सावध होते. त्याच वेळी आपल्या हवाई दलाचे एमआय-१७ हेलिकॉप्टर हवेत होते. श्रीनगरच्या हवाई तळाजवळ बडगाम येथे ते कोसळले. हवाई दलाचे सहा जण आणि जमिनीवरचा एक रहिवासी, असे सात जण मेले. त्या सहांमध्ये आपल्या नाशिकचे एक स्क्वॉड्रन लीडर होते.

पुढे चौकशी झाली. ते आपल्याच क्षेपणास्त्राने पडले, ही आपली मोठी चूक होती, असे हवाई दलप्रमुखांनी ऑक्टोबर २०१९ मध्ये जाहीरपणे मान्य केले. हेलिकॉप्टरची आयएफएफ पेटी बंद होती, असे चौकशीत आढळल्याचे वृत्तपत्रांत आले. पडद्यावर एक ठिपका तळाकडे येत होता आणि हाकेला ओ नव्हती. वर सांगितलेली गोष्ट येथे पुन्हा आठवावी. ओ नाही म्हणजे शत्रू, असे नव्हे. अशा वेळी नियंत्रण कक्ष, उड्डाणांची नोंद आणि क्षेपणास्त्रावरचा माणूस यांच्यात बोलणे व्हावे लागते. पेटी ते काम करू शकत नाही.

पेटी गप्प बसली तर नुसते रडार किती उपयोगी पडते, हेही पाहू. ८ मार्च २०१४ रोजी मलेशियाचे प्रवासी विमान २३९ माणसांसह क्वालालंपूरहून बीजिंगला निघाले. वाटेत त्याची उत्तरपेटी गप्प झाली आणि नागरी पडद्यावरून ते नाहीसे झाले. पण लष्कराच्या प्राथमिक रडारने नंतरही सुमारे तासभर एक ठिपका टिपला. तो मागे वळून पश्चिमेकडे गेला होता. त्या नोंदीमुळेच विमान भलतीकडे गेल्याचे समजले. म्हणून कान हवा आणि हाकही हवी. एक असून दुसरे नसेल तर राखण अर्धीच.

समुद्रावरची राखण

आता आपल्या किनाऱ्याकडे वळू. २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईवर हल्ला करणारे दहा अतिरेकी समुद्रातून आले. त्यांनी गुजरातची 'कुबेर' ही मासेमारी नौका पळवली होती. समुद्रावर हजारो मासेमारी होड्या असतात. लाकडाच्या किंवा फायबरच्या होडीवरून रडारची लहर फार थोडी परत येते, आणि त्यात लाटांचेही ठिपके मिसळतात. त्यामुळे होडी दिसली तरी ती कोणाची, हे कळणे कठीण. हल्लेखोर कुलाब्याच्या मच्छीमार वस्तीत उतरले, तेव्हा तेथल्या कोळी मंडळींनी त्यांना हटकले होते. "तुम्ही कोण?" हा प्रश्न त्या रात्री प्रथम विचारला तो त्यांनी.

त्यानंतर देशाच्या किनाऱ्यावर रडारची साखळी उभारली गेली. पहिल्या टप्प्यात ४६ ठिकाणी रडार बसवली, पुष्कळशी जुन्या दीपगृहांच्या जागी. त्यांना जोड दिली ती जहाजांच्या बिनतारी ओळखपेटीची. मोठ्या जहाजावरची ही पेटी आपले नाव, जागा, दिशा आणि वेग ठरावीक वेळाने आपणहून सांगत राहते. रडारचा ठिपका आणि पेटीचे नाव एकावर एक ठेवले, की बिननावाचा ठिपका चटकन उठून दिसतो आणि त्याच्याकडे गस्तीची नौका धाडता येते. हे सगळे चित्र गुरुग्राम येथील नौदलाच्या केंद्रात एकत्र पाहिले जाते.

लहान होड्यांसाठी भारतीय अवकाश संशोधन संस्थेने, म्हणजे इस्रोने, उपग्रहामार्फत चालणारी उत्तरपेटी बनवली. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे पंतप्रधानांच्या हस्ते या योजनेचा आरंभ झाला. सुमारे ३६० कोटी रुपये खर्चून किनारी राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतील १ लाख नौकांवर या पेट्या बसवायच्या, अशी ती योजना. या पेटीवरून दोन्ही बाजूंनी निरोप जातो. वादळाचा इशारा होडीपर्यंत पोचतो, आणि इंजिन बंद पडले किंवा माणूस आजारी पडला तर होडीकडून किनाऱ्याला कळवता येते. म्हणजे ओळख देणे ही नुसती पहाऱ्याची गोष्ट नाही. ज्याची ओळख किनाऱ्याला आहे, त्याच्या मदतीला धावता येते.

आपल्या दाराशी आलेली विद्या

तुम्ही म्हणाल, हे विमानांचे आणि जहाजांचे झाले, आमच्या शिवारात याचे काय? तर भाजीपाल्याचा टेम्पो बाजाराला नेताना टोलनाक्यावर काचेवरचा फास्टॅग वाचला जातो, ते याच विद्येचे लहान भावंड आहे. नाक्यावरचे यंत्र रेडिओलहर सोडते. फास्टॅगमध्ये बॅटरी नसते. आलेल्या लहरीच्याच शक्तीवर तो आपला क्रमांक परत पाठवतो. हाक आणि ओ, दुसरे काय? २०२१ च्या फेब्रुवारीपासून राष्ट्रीय महामार्गांच्या टोलनाक्यांवर तो सक्तीचा झाला.

दुसरी गोष्ट फवारणीच्या ड्रोनची. बचत गटांतल्या अनेक भगिनी आता ड्रोन चालवू लागल्या आहेत. रडारच्या दृष्टीने ड्रोन फार अवघड. आकाराने लहान, उडतो खाली, वेग पाखराएवढा. ठिपका दिसला तरी तो घारीचा की ड्रोनचा, हे सांगणे कठीण. म्हणून २०२१ च्या ड्रोन नियमांनी प्रत्येक ड्रोनला नोंदणी करून ओळख क्रमांक घेणे बंधनकारक केले आणि आकाशाचे हिरवे, पिवळे व तांबडे असे भाग पाडले. हिरव्या भागात १२० मीटर उंचीपर्यंत उडवायला वेगळी परवानगी लागत नाही. पिवळ्या भागात हवाई नियंत्रणाची परवानगी लागते आणि तांबड्या भागात केंद्र सरकारची. फवारणीचा ड्रोन चालवणाऱ्याकडे प्रशिक्षणाचे प्रमाणपत्रही असावे लागते.

तेव्हा घरी किंवा गटात ड्रोन आणाल, तेव्हा तीन गोष्टी पाहा. त्याचा ओळख क्रमांक आपल्या नावावर झाला आहे का? उडवणाऱ्याकडे प्रमाणपत्र आहे का? आणि आपले शिवार नकाशावर कोणत्या रंगात येते? जवळ विमानतळ किंवा लष्करी ठाणे असेल, तर हे फारच जपून पाहावे. सरकारी ससेमिरा म्हणून याकडे पाहू नये. वर कोणी राखण करीत बसलेला आहे, आणि आपण कोण हे त्याला आधीच ठाऊक असणे आपल्याच हिताचे आहे.

पुढे काय?

आतापर्यंत पाहणारे यंत्र वेगळे आणि बोलणारे यंत्र वेगळे असे. आता शास्त्रज्ञ एकाच अँटेनाकडून, एकाच लहरीकडून दोन्ही कामे करून घेण्याच्या मागे आहेत. म्हणजे ज्या मनोऱ्यावरून तुमचा मोबाइल बोलतो, त्याच मनोऱ्याच्या लहरी आजूबाजूला काय हलते आहे हेही टिपतील. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने २०२३ मध्ये मोबाइलच्या पुढच्या, सहाव्या पिढीचा आराखडा ठरवला, त्यात या कामाचा समावेश आहे.

यंत्रे अशी सुधारत जातील, ठिपके अधिक स्पष्ट होतील, नावे अधिक लवकर उमटतील. तरीही एखादा ठिपका गप्प राहणारच. त्या घटकेला पडद्यासमोर बसलेल्या माणसाला थोडक्या क्षणांत ठरवावे लागते, की हा वैरी की वाट चुकलेला? इंग्लंडच्या आकाशात, इराणच्या आखातात आणि बडगामला गेलेले जीव त्याला एवढेच सांगतात, की बोट खटक्यावर ठेवण्याआधी आणखी एकदा विचारून पाहा.

आणि आपल्यापैकी कोणाचा मुलगा वा मुलगी हवाई दलात, नौदलात किंवा तटरक्षक दलात असेल, तर सुट्टीत घरी आल्यावर त्यांना या हाकेविषयी आणि ओ विषयी जरूर विचारा. गुपिते ते सांगणार नाहीत, सांगूही नयेत. पण पेटीचा दिवा चालू आहे ना, हे उड्डाणाआधी का पाहतात, ते मात्र तुम्हाला नीट समजावून सांगतील.